पावसाळ्यातील सालेकसा : कागद, नाले आणि राखीव दिवस

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन राज्यांच्या सीमांना खेटून असलेला गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुका पाठीला सॅक लावून फिरणाऱ्याला नकाशावर फार सोपा वाटतो. कारण मुंबई–हावडा लोहमार्गावरील सालेकसा व दरेकसा ही स्थानके, दरेकसाजवळचा हाजरा फॉल हा धबधबा, गोंडी धर्मपरंपरेत पवित्र मानली जाणारी कचारगडची गुहा आणि भोवतालचे डोंगराळ जंगल हे सारे एका लहानशा टापूत सामावलेले आहे. धबधबा पाहायचा तर पावसाळ्यातच यावे लागते आणि नेमक्या त्याच काळात येथे प्रवासी दोन गोष्टींनी अडतो : सरकारी कागद आणि हवामान. या दोन्हींचा विचार सहसा वेगवेगळा केला जातो आणि नियोजन चुकते ते तिथेच. पाऊस वाढला की बंदीचे आदेश निघतात, आदेश निघाले की हातातली परवानगी निरुपयोगी ठरते, आणि नवी परवानगी घ्यावी म्हटले तर ती देणारा अधिकारी पूरपरिस्थितीच्या कामात अडकलेला असतो. म्हणून या भागातील भटकंती आखताना ठिकाणांची यादी करण्यापूर्वी पाऊल कोणाच्या जमिनीवर पडणार आहे आणि हातात मोकळे दिवस किती आहेत, हे दोन प्रश्न सोडवावेत.

जमिनीचा प्रश्न आधी घेतलेला बरा. सालेकसा परिसरातील जंगल डोळ्यांना सलग दिसत असले तरी कायद्याच्या नजरेत ते एकसंध नाही. त्यातील काही भाग राखीव वन असतो, म्हणजे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार अधिसूचित झालेले असे वन, की ज्यात परवानगीशिवाय शिरणे, जाळ करणे किंवा काही तोडून आणणे कलम २६ खाली गुन्हा ठरते. काही भाग संरक्षित वन असतो, जिथे गावकऱ्यांच्या वहिवाटीला अधिक वाव असतो. तर काही क्षेत्राचे व्यवस्थापन वनहक्क कायदा, २००६ नुसार मान्य झालेल्या सामूहिक वनहक्कामुळे थेट ग्रामसभेकडे आलेले असू शकते आणि तिथे वनखात्याचे पत्र असले तरी गावाला विचारल्याशिवाय मुक्काम करणे अनुचित ठरते. यात भर म्हणून पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरात झुडपी जंगल नावाची एक खास वर्गवारी आहे. खुरट्या झाडीची, बहुतेक बरड दिसणारी ही जमीन बाहेरून येणाऱ्याला गावाबाहेरचे मोकळे माळरान वाटते आणि तंबू ठोकण्याचा मोह होतो. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी झुडपी जंगलाच्या जमिनी वनच मानल्या जातील असा निर्णय दिलेला असल्यामुळे, ‘इथे तर कोणीच नाही’ हा युक्तिवाद वनरक्षकासमोर टिकत नाही.

जंगल संपले की भाताच्या बांध्या लागतात. बांधी म्हणजे चारही बाजूंनी मातीचा धुरा घालून पाणी साठवलेले भातशेत. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, म्हणजे चिखलात रोपे लावण्याचे काम, ऐन भरात असते, तेव्हा धुरे भिजून मऊ झालेले असतात आणि पंधरा किलोंची सॅक पाठीवर घेतलेल्या माणसाच्या टाचेने धुऱ्याला खाच पडली, की तिथून पाणी वाट काढते आणि सकाळपर्यंत वरच्या बांधीचे पाणी खालच्या बांधीत उतरते. तक्रार पोलिसांपर्यंत जात नाही, पण त्या गावात पुढच्या पायी प्रवाशाला वाट दाखवणारे कोणी उरत नाही. त्यामुळे शेतातून आडवाट धरण्यापेक्षा गाडीवाटेने लांबचा फेरा घ्यावा. रेल्वेमार्गाबाबत तर कायदा स्पष्ट आहे : दरेकसाजवळ लोहमार्ग बोगद्यातून जातो आणि जवळची वाट म्हणून रुळांच्या कडेने चालत जाण्याचा प्रकार अधूनमधून घडत असला, तरी रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत असा विनापरवाना प्रवेश केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय मुसळधार पावसाच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, ही गोष्ट दंडापेक्षा अधिक गंभीर आहे.

परवानगीची सुरुवात सालेकसा येथील वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून, म्हणजे बोलीत ज्याला रेंज ऑफिस म्हणतात तिथून करावी; त्या कार्यालयाच्या अधिकाराबाहेरचे प्रकरण असेल तर अर्ज गोंदियाच्या उपवनसंरक्षकांकडे जातो. अर्ज साध्या कागदावर मराठीत, दोन प्रतींत लिहावा आणि त्यात प्रत्येकाचे नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, गावांच्या नावांनी सांगितलेला मार्ग, मुक्कामाची जागा आणि घरच्या एका माणसाचा दूरध्वनी क्रमांक असावा. एक प्रत कार्यालयात देऊन दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा, कारण आवक क्रमांक नसलेला अर्ज सरकारी दप्तराच्या दृष्टीने जन्मालाच आलेला नसतो. पावसाळी अर्जात तारखेची मांडणी सर्वांत महत्त्वाची असते. ‘दि. २० व २१ ऑगस्ट’ अशी नेमकी तारीख मागितली आणि २० तारखेला झडी लागली, म्हणजे दिवसरात्र न थांबणारा पाऊस सुरू झाला, तर परवानगी वाया जाते आणि सारी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, त्याऐवजी ‘दि. १८ ते २६ ऑगस्ट या कालावधीतील पावसाची उघडीप पाहून कोणतेही दोन दिवस, निघण्यापूर्वी वनरक्षकांना कळवून’ अशी विनंती केल्यास अधिकाऱ्यालाही ती मान्य करणे सोपे जाते, कारण निर्णयाची शेवटची कडी त्याच्याच माणसाच्या हाती राहते. हाजरा फॉलसारख्या रुळलेल्या स्थळी एवढा खटाटोप लागत नाही. तिथे प्रवेश शुल्क भरून पावती घ्यावी आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी आखलेल्या हद्दीतच राहावे.

राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू असल्याने शनिवार-रविवार वगळूनच दिवस मोजावेत. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये स्वातंत्र्यदिन, गणेशोत्सव यांच्या जोडीला विदर्भात पोळ्याची सुट्टी येते आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तेव्हा कार्यालय उघडे असले तरी टेबलाशी माणूस सापडेलच असे नाही. शुक्रवारी दुपारी गोंदियात उतरून शनिवारी पहाटे जंगलात शिरण्याचा पुण्या-मुंबईकडचा परिपाठ त्यामुळे येथे चालत नाही. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी कार्यालयात हजर राहणाऱ्याचेच काम होते.

सालेकसाची वने आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प या दोहोंत अनेकांची गल्लत होते, ती टाळावी. २०१३ मध्ये अधिसूचित झालेला हा प्रकल्प गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत असला तरी सालेकसापासून वेगळा आणि दूर आहे. त्याच्या अभयारण्य क्षेत्रात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू असून पायी भटकंतीला तिथे मुळातच जागा नाही, आणि गाभा क्षेत्रातील पर्यटन साधारणपणे १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात बंद असते.

आता पोलिसांविषयी. गोंदिया जिल्हा दीर्घकाळ नक्षलप्रभावित मानला गेला, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२१ च्या यादीतही गडचिरोलीबरोबर त्याचे नाव होते, आणि नक्षल्यांच्या एका सशस्त्र गटाची ओळख तर ‘दरेकसा दलम’ अशीच होती. गेल्या काही वर्षांत परिस्थिती बरीच निवळली असली तरी सशस्त्र दूरक्षेत्रांची, म्हणजे पोलीस ठाण्याच्या अधीन असलेल्या सशस्त्र चौक्यांची, व्यवस्था आणि त्यामागची सावध नजर लगेच जात नाही. संध्याकाळी मोठी सॅक, चिखलाने भरलेले बूट आणि छायाचित्रणाची साधने घेऊन जंगलातून बाहेर येणारा अनोळखी तरुण दिसला तर त्याला थांबवून विचारपूस होणारच. तिथे हुज्जत घालण्यात काही शहाणपण नाही. आदल्या दिवशी सालेकसा पोलीस ठाण्यात जाऊन वनखात्याकडे दिलेल्या अर्जाची प्रत द्यावी आणि परतल्याचे कळवण्याची तयारी दाखवावी, म्हणजे विचारपूस पाच मिनिटांत आटोपते आणि नाल्याच्या पुरात कोणी अडकल्यास शोध कुठे घ्यायचा हेही पोलिसांना ठाऊक असते. चौकीचे किंवा जवानांचे छायाचित्र घेऊ नये. ड्रोन तर घरीच ठेवावा. ड्रोन नियम, २०२१ मधील नोंदणीच्या अटी, वनखात्याची परवानगी आणि पोलिसांचा संशय ही तिन्ही अंगे सांभाळून हाती जे चित्रण येते ते बहुधा ढगांचेच असते.

परदेशी प्रवाशांचा आणि परदेशी पारपत्र असलेल्या मराठी कुटुंबीयांचा प्रश्न थोडा निराळा आहे. महाराष्ट्राचा कोणताही भाग परदेशी नागरिकांसाठीच्या ‘संरक्षित क्षेत्रा’त मोडत नसल्याने, ईशान्य भारतातील काही राज्यांत लागतो तसा विशेष परवाना सालेकशाला लागत नाही. अडचण येते ती मुक्कामाच्या नोंदीची. परदेशी नागरिकाला निवारा देणाऱ्याने त्याच्या आगमनाची माहिती २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. ‘सी फॉर्म’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत जुन्या परकीय नागरिक कायद्याखालची असून, १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या आप्रवासन व परकीय नागरिक कायद्यानंतरही निवारा देणाऱ्याची ही जबाबदारी कायम राहिली आहे. लहान गावातील लॉजमालकाकडे त्या संगणकीय प्रणालीची नोंदणी नसते, चुकल्यास कारवाईची भीती असते, म्हणून तो ‘खोली शिल्लक नाही’ असे सांगून मोकळा होतो. त्याच्याशी वाद घालण्याऐवजी मुक्काम गोंदिया शहरात ठेवावा, खोली ठरवतानाच परदेशी पाहुण्याची नोंद होते का हे दूरध्वनीवर विचारावे आणि नोंदीची छापील प्रत मागून घ्यावी, कारण पुढे पारपत्र हरवले किंवा व्हिसाचे काही काम निघाले तर ऑनलाइन अर्जात ती मागितली जाते. ही जबाबदारी हॉटेलांपुरती नाही : अमेरिकेहून आलेल्या पुतण्याला घरी ठेवून घेणारे काकाही तिच्यातून सुटत नाहीत.

अशा पुतण्याकडे बहुधा ओसीआय कार्ड, म्हणजे भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड, असते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये व स्मारके यांच्या प्रवेश शुल्कात या कार्डधारकांना भारतीय नागरिकांच्या बरोबरीने वागवले जाते. प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्याला हे माहीत असतेच असे नाही, तेव्हा अधिसूचनेची छापील प्रत जवळ बाळगावी आणि ती आवाज न चढवता दाखवावी. मात्र याच अधिसूचनेत संशोधन, पत्रकारिता व गिर्यारोहण यांसाठी विशेष परवानगीची अट आहे, हेही लक्षात ठेवावे, आणि गोंडी परंपरेवरील ‘थोडेसे संशोधन’ पर्यटनाच्या नावाखाली उरकू नये. एक इशारा यापेक्षा अधिक निकडीचा : परदेशात गिर्यारोहक सर्रास वापरतात ती उपग्रह संदेश साधने, उदाहरणार्थ गार्मिन इनरीच, आणि उपग्रह फोन भारतात परवान्याशिवाय बाळगणे बेकायदेशीर असून त्यावरून परदेशी प्रवाशांना विमानतळांवर अटकही झालेली आहे. नक्षलविरोधी बंदोबस्त असलेल्या भागात असे साधन सापडले तर खुलासे करण्यातच सहल संपेल.

हवामानाकडे वळताना पूर्व विदर्भातील पावसाची जात समजून घेणे आवश्यक आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अरबी समुद्रावरून येणारे वारे डोंगराला अडून रोज बरसतात. गोंदियाचा जोरदार पाऊस मात्र मुख्यतः बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो. ही क्षेत्रे ओडिशाच्या किनाऱ्यावरून आत शिरून छत्तीसगडमार्गे पश्चिम-वायव्येकडे सरकतात, आणि त्यांच्या केंद्राच्या नैर्ऋत्येला पाऊस सर्वाधिक पडत असल्यामुळे, केंद्र उत्तर छत्तीसगडवर असतानाही सालेकशाला झोडपून काढणारा पाऊस होऊ शकतो. प्रवाशाच्या दृष्टीने यात एक सोय आहे, ती अशी की उपसागरातील हालचालीची बातमी पाऊस पोहोचण्यापूर्वी साधारण एक-दोन दिवस हाती येते. म्हणून स्थानिक आकाशापेक्षा हवामान विभागाच्या नागपूर केंद्राचे पत्रक आणि ओडिशा-छत्तीसगडवरील स्थिती पाहावी. पत्रकातील शब्दांना ठरलेले अर्थ आहेत : २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस ‘जोरदार’, २०४.४ पर्यंतचा ‘अति जोरदार’ आणि त्यापुढचा ‘अत्यंत जोरदार’. नारंगी इशारा म्हणजे तयारीत राहण्याचा काळ. त्या दिवशी जंगलातून बाहेर असावे, आत जाण्याचा विचारही करू नये.

येथे जीव जातो तो डोंगरकड्यावर नव्हे, तर नाल्यावर. गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर ठिकठिकाणी रपटे आहेत; रपटा म्हणजे नाल्याच्या पात्राला लागून बांधलेला ठेंगणा पूल, ज्यावरून थोड्याशा पुरातही पाणी वाहू लागते. गढूळ पाण्याखाली रपट्याची कड दिसत नाही, मधला काँक्रीटचा तुकडा वाहून गेला आहे की नाही हे कळत नाही आणि पाणी गुडघ्याच्या खाली असूनही वेगामुळे पाय उचलला की शरीर आडवे होते. वेगाने वाहणारे जेमतेम १५ सेंटिमीटर पाणीसुद्धा प्रौढ माणसाला पाडू शकते आणि पाठीवर ओली सॅक असेल तर पडलेल्याला उठता येत नाही. मार्ग काढण्याची रीत गावकऱ्यांकडून शिकावी : ते काठावर एक काठी रोवतात किंवा दगडावर खूण करतात आणि पाणी चढते आहे की उतरते आहे एवढेच पाहत थांबतात. डोंगरातले लहान नाले पाऊस थांबल्यावर काही तासांत ओसरतात, त्यामुळे सकाळी अडलेली वाट दुपारी खुली होते. मोठ्या नदीचे तसे नाही. बाघ नदीच्या खोऱ्यात सिरपूर, पुजारीटोला व कालीसरार ही धरणे असून त्यांचे दरवाजे उघडले की खाली ऊन पडलेले असतानाही पाणी चढते, तेव्हा नदीकाठच्या रेताडावर तंबू लावणे सर्वथा वर्ज्य समजावे.

विजेचा धोका जूनमध्ये आणि पावसाळा परततानाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अधिक असतो, आणि मोकळ्या बांध्यांत उभा असलेला माणूस हाच तिथला सर्वांत उंच बिंदू असल्याने पूर्व विदर्भात रोवणी-निंदणी करणारे शेतमजूर दरवर्षी वीज पडून दगावतात. चमक दिसल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे असे समजून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप जवळपासच्या विजांची सूचना देते. पण जंगलात नेटवर्क नसेल तिथे कानावरच विसंबावे लागते.

पावसाने निर्माण होणारा कागद तो हाच : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या कलम १४४ च्या जागी आलेल्या तरतुदीनुसार, धोकादायक स्थळी जाण्यास तात्पुरती बंदी घालणारा आदेश. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यापासून धबधब्यांबाबत राज्यभर प्रशासन अधिक सावध झाले आहे. असा आदेश निघाला की वनखात्याची पावती किंवा आधी मिळालेले पत्र दाखवून उपयोग होत नाही, आणि आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवता येतो. निघण्याच्या दिवशी सकाळी तहसील कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात एक दूरध्वनी केला तर पुढची पायपीट वाचते. बंदीच्या दिवशी काय करावे हे आधीच ठरवून ठेवावे : छत्तीसगडच्या हद्दीतील डोंगरगडला रेल्वेने जाऊन बम्लेश्वरीचे दर्शन घेता येते आणि त्यासाठी कोणत्याही नाल्यात उतरावे लागत नाही.

आरोग्याबाबत थोडक्यात एवढेच, की हा पट्टा हिवतापाचा आहे. मच्छरदाणीशिवाय मुक्काम करू नये, जमिनीवर झोपणे मण्यारसारख्या रात्री फिरणाऱ्या विषारी सापामुळेही टाळावे, आणि परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना या प्रवासाची माहिती आवर्जून द्यावी.

सॅकेतले कागद कोरडे ठेवणे हे कपडे कोरडे ठेवण्याहून अधिक महत्त्वाचे असते. सॅकेवर ओढायचे पावसाळी आवरण पाठीच्या बाजूने उघडेच असते आणि पाणी तिथूनच उतरते. त्यामुळे आत जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी घालून तिचे तोंड पिळून बांधावे, आणि मूळ ओळखपत्र, परवानगीपत्र व थोडी रोख रक्कम वेगळ्या झिपच्या पिशवीत अंगावर ठेवावी. डिजिलॉकरमधील कागदपत्रे कायद्याने ग्राह्य असली तरी भिजून बंद पडलेला फोन ती दाखवू शकत नाही, तेव्हा छापील प्रतींचे दोन संच करून एक गोंदियाच्या मुक्कामी ठेवावा. आधारची प्रत देताना शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क केलेली प्रत द्यावी. पारपत्र हरवल्यास क्रम ठरलेला आहे : पोलिसांत नोंद, दूतावासाकडून तात्पुरते प्रवासपत्र आणि मग परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरून देश सोडण्याची परवानगी. यातली कोणतीही पायरी सालेकशात पूर्ण होत नाही, पहिली सोडून.

परतीचा प्रवास हा अखेरचा अडथळा. सालेकसा व दरेकसा येथे मुख्यतः पॅसेंजर आणि मेमू गाड्या थांबतात, तर लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी सुमारे ४० किलोमीटरवरील गोंदिया गाठावे लागते. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या या मार्गावर जादा लोहमार्ग टाकण्याच्या कामामुळे प्रवासी गाड्या रद्द होण्याचे प्रकार वारंवार घडत आले आहेत आणि त्याचा पहिला फटका या छोट्या गाड्यांनाच बसतो. रेल्वेने गाडी रद्द केल्यास ऑनलाइन काढलेल्या तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात, गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असल्यास प्रवास न करता, गाडी सुटण्यापूर्वी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरला तर पूर्ण रक्कम मिळते. परंतु सालेकशाची मेमू रद्द झाल्यामुळे गोंदियाची एक्सप्रेस चुकली, तर वेगळ्या तिकिटावरच्या त्या एक्सप्रेसचे पैसे सहसा बुडतात. म्हणून आरक्षण गोंदियाहून करावे आणि सालेकसा ते गोंदिया हा टप्पा आदल्या दिवशीच, शक्यतो उजेडी, उरकून घ्यावा.